माकूलसाहेब, सेंटर फॉरवर्ड

गोल आणि किस्सा यांत एक फरक आहे. गोल झाला की तेवढाच राहतो, किस्सा मात्र दरवर्षी थोडा वाढतो. आमच्या 'उगवता तारा' क्लबाने रत्नागिरीत गोल फारसे केले नाहीत, त्यामुळे आमच्याकडे दुसराच माल जास्त साठला. आजही आम्ही जुने तीन-चार जण कुणाच्या बारशाला नाहीतर बाराव्याला भेटलो, की पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतो, "आज माकूलसाहेब असता तर..." मग पानातला भात गार होतो आणि घरच्या बायका डोळे वटारतात.

मी त्या टीममध्ये राइट बॅक होतो. म्हणजे बहुतेक वेळ मागे उभा राहून पुढचं बघत होतो. तेव्हा माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

*

ते दिवस मुंबईतल्या गिरण्यांच्या संपाचे. घरटी एक माणूस गावी येऊन बसलेला. आमचा लेफ्ट विंगर सदा जाधव त्यातलाच. गिरणीत साच्यावर काम करायचा, संप लागल्यावर गावी आला आणि करायला काही नाही म्हणून आमच्यात फुटबॉल खेळायला लागला.

त्याच सुमारास बंदरात मच्छीमारीच्या ट्रॉलरना परदेशी इंजिनं बसवायला सुरुवात झाली होती. ती बसवायला कंपनीने एक स्कॉटलंडचा इंजिनिअर पाठवला. नाव डुगल मॅक्कूल. ताडमाड उंच, केस तांबडे, कान उन्हाने भाजून त्याहून तांबडे. एका संध्याकाळी तो आमच्या ग्राउंडवर येऊन कोपऱ्यात उभा राहिला. ग्राउंड म्हणजे कातळाचा सपाट तुकडा, गोलला दोन बांबू, जाळी नाही.

कोणाचा तरी चुकलेला बॉल घरंगळत त्याच्यापाशी गेला. एका हातात छत्री, पायात ऑफिसचे बूट. त्याने बॉल न थांबवता जागेवरूनच मारला. तो आमचा गोलकीपर इस्माईल होडेकर याच्या कानाजवळून गेला, बांबूंच्या मधून गेला आणि पलीकडच्या करवंदीच्या जाळीत जाऊन अडकला. इस्माईल दिवसा ट्रॉलरवर जायचा, त्याला वाऱ्याची सवय होती. तो हलला नाही. फक्त म्हणाला, "आता बॉल आणायला पण त्यालाच पाठवा."

आमच्या क्लबचे अध्यक्ष लिमये सर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. ते पुढे होऊन पाहुण्याशी बोलले आणि गंभीर चेहऱ्याने परत आले.

"काय म्हणतोय?" सदाने विचारलं.

"म्हणतात, इंजिनिअर नंतर झालो. आधी प्रोफेशनल स्ट्रायकर होतो."

"म्हणजे काय?"

सरांनी जरा विचार केला. शब्दाला शब्द ठेवायची त्यांना सवय होती. "धंदेवाईक संप करणारा," ते म्हणाले.

सदा पुढे गेला, साहेबाचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "सर, विचारा ह्यांना, किती काळ चालला?"

सरांनी विचारलं. साहेबाला वाटलं, किती काळ खेळलो ते विचारतायत. तो अभिमानाने म्हणाला, सतरा वर्षं.

सदा खाली कातळावरच बसला. "आमच्या युनियनला ह्यांचा पत्ता द्या," म्हणाला.

*

कंपनीने त्याला बंदराजवळ मालतीकाकी पिलणकरांच्या घरी पुढची खोली भाड्याने घेऊन दिली होती. काकी विधवा, घरात एकटीच. मॅक्कूल हे नाव तिच्या जिभेवर बसेना. दुसऱ्या दिवसापासून तिने त्याचं माकूल केलं. माकूल म्हणजे समुद्रातला तो आठ-दहा पायांचा मऊ प्राणी. कापून तिखट लावून तळला की भाकरीबरोबर छान लागतो.

लिमये सरांनी तिला नीट उच्चार करून दाखवला. काकी म्हणाली, "सर, तुमच्या परीक्षेला बसायचंय का मला? मग राहू दे."

झालं, गावभर तो माकूलसाहेब झाला. नावाला साहेब लावायचं आणि पाठीमागे अरे-तुरे करायचं, ही आमची पद्धतच आहे. त्यालाही नाव आवडलं. त्या नावाचा प्राणी असतो हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा तो मासळीबाजारात गेला. एका टोपलीवालीसमोर उभा राहून, नुकतंच शिकलेलं मराठी वापरून, छातीला हात लावून म्हणाला, "मी माकूल."

तिने मान वर न करता सांगितलं, "आज नाय आली. बांगडे घे."

*

स्कॉटलंडात म्हणे ग्राउंड ओलं आणि गवताचं असतं, त्यामुळे खेळाडू समोरच्याच्या पायातला बॉल घसरत जाऊन काढतात. पहिल्याच मॅचमध्ये माकूलसाहेब सवयीने घसरला. आमच्या कातळावर घसरायचं असतं असं आमच्यापैकी कोणालाही आजवर सुचलं नव्हतं. बॉल त्याने काढला. पण उठला तेव्हा चड्डीची एक बाजू ग्राउंडवर राहिली होती, आणि चड्डीखालचंही थोडं.

काकीने हळद आणि खोबरेल तेल दिलं. ते कुठे लावायचं ह्यावर दोघांचा हातवाऱ्यांनी बराच वाद झाला. पुढचा आठवडा त्याने सगळी इंजिनं उभ्याने दुरुस्त केली.

इस्माईल त्याला समजवायला गेला होता. "साहेब, इथे पडायचं नाय. पडलंच तर मग हलायचं नाय."

*

पावसाळ्यात बोटी बंद असल्या की आम्ही काकीच्या पडवीत जमायचो. सर भाषांतराला असायचेच. तिथे त्याच्या करिअरची कहाणी तुकड्या-तुकड्यांनी कळली.

त्याचा बाप गोदीत कामाला होता. हाही तिथेच लागला. सकाळी गोदीत बोटींची इंजिनं, संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी मॅच. लहान गावाचा लहान क्लब, पण पगारी. हा गोल करायचा म्हणून जरा नाव झालं. मग दुसऱ्या एका क्लबाने त्याला मागून घेतला. तिकडे असा क्लबाक्लबांत खेळाडूंचा सौदा होतो, हे आम्हाला नवीन होतं.

"मग तुझ्या बदल्यात काय दिलं?" सदाने विचारलं.

साहेबाने प्रामाणिकपणे सांगितलं. एक म्हातारा गोलकीपर आणि एक गवत कापायचं मशिन.

पडवीत कोणी हसलं नाही. सदाचं घर शेतकऱ्याचं, त्याला व्यवहार कळत होता. तो म्हणाला, "आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं आपल्याकडे ठेवून घेतात. तुझ्या जुन्या मालकाने तुझं काय ठेवलं?"

सरांनी हे इंग्रजीत कसं केलं देव जाणे, पण साहेबाला समजलं. त्याने पँट वर करून उजवा गुडघा दाखवला. त्यावर आडवेउभे वण होते. "हा त्यांच्याकडेच राहिला," तो म्हणाला.

आम्ही सगळे त्या गुडघ्याकडे बघत बसलो. इस्माईलने विचारलं, "आणि मशिन?"

"मशिन अजून चालतं," साहेब म्हणाला.

*

त्याच पडवीतली ही दुसरी गोष्ट. ही त्याने आपणहून सांगितली नाही. सदाने विचारलं, "देशाकडून कधी खेळलास काय?" तेव्हा तो आधी नुसता मान हलवत राहिला. मान हो म्हणते की नाही ते कळेना.

मग म्हणाला, एकदा बोलावलं होतं. दोन मोठे फॉरवर्ड तापाने पडले, म्हणून ह्याला घेतलं. बाप गोदीतली रजा काढून बघायला आलेला. हा पूर्ण मॅच बाकावर बसून होता. शेवटची चार-पाच मिनिटं राहिली असताना कोचने बोट केलं, तू जा. हा उठला, जागेवर चार उड्या मारल्या, अंगातलं जाकीट काढायला लागला आणि त्याची झिप छातीपाशी अडकली.

खाली जाईना, वर येईना. कोचने ओढून पाहिली. राखीव गोलकीपरने दातांनी धरून पाहिली. शेवटी ह्याने जाकीट डोक्यावरून काढायचं ठरवलं, तर डोकं आतच अडकलं. आतल्या अंधारात त्याला लोकांचा आरडाओरडा ऐकू आला, मग रेफ्रीची लांब शिट्टी ऐकू आली. डोकं बाहेर आलं तेव्हा दोन्ही टीम एकमेकांशी हात मिळवत होत्या.

पुन्हा त्याला कधी बोलावलं नाही.

सर हे सगळं मराठीत सांगत असताना आम्ही ओठ चावून हसू दाबत होतो. काकी दारात बसून मासे साफ करत होती. तिचा हात थांबला.

"एवढा मोठा देश," ती म्हणाली, "आणि कोणाकडे कात्री नव्हती?"

सरांनी ते साहेबाला सांगितलं. तो मोठ्याने हसला.

त्यानंतर काकी त्याच्या प्रत्येक मॅचला यायला लागली. छत्री, पाण्याची बाटली आणि पिशवीत कात्री.

*

मराठी तो काकीकडून शिकला, हा एक घोटाळाच होता. काकी त्याला उठता-बसता 'मेल्या' म्हणायची. "मेल्या, जेव." "मेल्या, बूट बाहेर काढ." मांजरालाही तेच म्हणायची, पोस्टमनलाही तेच, आणि सर निघून गेल्यावर सरांनाही. ज्या अर्थी शिकल्या-सवरलेल्या सरांनाही म्हणते, त्या अर्थी हा मानाचा शब्द असणार, असं त्याने ठरवलं.

एका स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला मुंबईहून एक बडे अधिकारी आले होते. मूळचे वेळणेश्वरचे, सूट घातलेले, चेहऱ्यावर अजिबात हसू नाही. बेस्ट फॉरवर्ड म्हणून माकूलसाहेबाला कप मिळाला. त्याने माइक हातात घेतला. मराठीत आभार मानायचे म्हणून त्याने आठवडाभर तयारी केली होती.

"सन्माननीय मेल्या साहेब," त्याने सुरुवात केली.

लिमये सरांनी डोळे मिटले. पाहुणे खुर्चीतून उठले, हळूहळू माइकपाशी आले. आता हा कप परत घेतात की काय, असं आम्हाला वाटलं.

"मुंबईत गेल्यापासून," ते म्हणाले, "मला एवढ्या आपलेपणाने कोणी हाक मारली नव्हती." आणि खिशातून रुमाल काढला.

परत येताना सरांनी साहेबाला शब्दाचा खरा अर्थ सांगितला. त्याचा चेहरा उतरला. घरी येऊन त्याने काकीला विचारलं, "तू मला रोज मेलेला म्हणतेस?"

"जिवंत आहेस म्हणून म्हणते," काकी म्हणाली. "मेलेल्याला कोण म्हणतंय?"

*

पावस गावात मॅच होती. एका बाजूला हापूसची बाग, दुसऱ्या बाजूला माड, मधल्या जागेत ग्राउंड. रेफ्री त्यांच्या कॅप्टनचे सासरे होते. जावई चांगला खेळावा ही त्यांची इच्छा स्वाभाविकच होती.

मी साइडलाइनवरून बॉल हाताने आत फेकला. माकूलसाहेबाने तो छातीवर घेतला, वळला आणि गोल केला. रेफ्रीने शिट्टी मारली. ऑफसाइड.

साहेब शांतपणे त्यांच्याकडे गेला. आता त्याचं मराठी बऱ्यापैकी झालं होतं. "बॉल हाताने फेकला," तो म्हणाला, "त्याला ऑफसाइड नाही. नियम आहे."

"तुमच्या स्कॉटलंडात नसेल," रेफ्री म्हणाले. "पावसात आहे."

साहेबाने आभाळाकडे बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं. त्याने तळहात पसरून थेंब येतोय का पाहिलं.

"पण पाऊस कुठे आहे?" त्याने विचारलं.

रेफ्रीने त्याला ग्राउंडबाहेर काढलं. कारण विचारलं तर म्हणाले, "गावाच्या नावाची टिंगल करतो."

*

आता शेवटचा किस्सा. हा सांगताना इस्माईल दरवेळी उठून जातो, विडी ओढायची म्हणून.

इंजिनं बसवून झाली होती. मॅक्कूलची परत जायची वेळ आली. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या स्पर्धेची फायनल होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तिच्यात पोचलो होतो. त्याचा गुडघा सकाळी जिना उतरतानाही दुखायला लागला होता. "ही खेळतो," साहेब म्हणाला, "मग बूट कायमचे काढतो." सतरा वर्षं पगार घेऊन आणि दोन वर्षं काकीचे बांगडे खाऊन खेळलेल्या माणसाची ती शेवटची मॅच. ती आम्ही हरलो, हे आधीच सांगून टाकतो. त्याने एक गोल केला, आम्ही दोन खाल्ले. पण किस्सा तो नाही. किस्सा मॅच सुरू होण्याआधीचा आहे.

समोर मंडणगडकडचा संघ होता. दोन्ही टीम ग्राउंडवर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मॅनेजरने हात वर केला. म्हणाला, स्पर्धा जिल्ह्यातल्या माणसांची आहे. हा गोरा जिल्ह्यातला नाही. ह्याला बाहेर काढा.

स्पर्धेचे अध्यक्ष टेबलावरून उठून मध्ये आले. नियम तसा होता खरा. जिल्ह्यात ज्याचं घर, तोच खेळेल. आधीच्या फेऱ्यांत कोणी हरकत घेतली नव्हती, कारण आम्ही जिंकू असं कोणालाच वाटलं नव्हतं. लिमये सर पुढे होऊन म्हणाले, हे गेली दोन वर्षं इथेच राहतात. अध्यक्ष म्हणाले, राहणं वेगळं, घर वेगळं. भाडेकरू चालत नाही.

सदा मुठी आवळून उभा होता. माकूलसाहेबाला सगळं समजलं होतं. तो खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

प्रेक्षकांतून काकी उठली. नऊवारीचा ओचा सावरत, भर उन्हातून, थेट ग्राउंडच्या मध्यावर आली. आजवर कोणी बाई त्या रेषेच्या आत गेली नव्हती.

"बांध ती नाडी," ती साहेबाला म्हणाली. मग अध्यक्षांकडे वळली. "ह्याचं घर जिल्ह्यात आहे. माझं घर तेच ह्याचं घर. माझा मुलगा आहे हा."

अध्यक्ष रत्नागिरीचेच, काकीला ओळखणारे. तिच्या घरात पाळणा कधी हलला नव्हता हे त्यांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, बंदरावर सगळ्यांना माहीत होतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "काकी, काय बोलता तुम्ही?"

"जे आहे ते बोलते."

मंडणगडचा मॅनेजर मध्ये पडला. त्याला काकी माहीत नव्हती. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या ताडमाड, तांबड्या केसांच्या माणसाकडे. म्हणाला, "मावशी, तुमचा मुलगा, तर मग एवढा गोरा कसा?"

काकीने डोळ्याची पापणी हलवली नाही.

"पोटात होता तेव्हा शहाळी फार प्यायले," ती म्हणाली.

प्रेक्षक हसले. मंडणगडचे खेळाडूही हसले. अध्यक्षांना हसायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि साहेबाकडे वळले. आवाज कडक करून विचारलं, "तुम्ही सांगा. ह्या तुमच्या कोण?"

तोवर दोन वर्षं तो तिला काकीच म्हणत आला होता. तो उठून उभा राहिला. नाडी पुन्हा बांधलेली होती. त्याने अध्यक्षांकडे पाहिलंच नाही. काकीच्या हातातली छत्री घेतली, उघडली, तिच्या डोक्यावर धरली.

"आये," तो म्हणाला, "उन्हात उभी नको राहू. जा, सावलीत बस."